सुई, शेक, तुंबडी आणि काढा: चिनी रुग्णालयातला मानदुखीचा एक कोर्स

चीनच्या मोठ्या शहरांत पारंपरिक चिनी वैद्यकाची स्वतंत्र रुग्णालयं असतात आणि त्यांत सकाळी सगळ्यांत आधी भरतो तो सुई-विभाग. धरलेली मान, जखडलेला खांदा, कंबर, गुडघे, चेहऱ्याचा लकवा, पक्षाघातानंतरचा लुळा हात, असे रुग्ण पडदे लावलेल्या खाटांवर ओळीने पडलेले असतात. तिकडे एमबीबीएसला गेलेल्या मराठी मुलामुलींना ही जागा ओळखीची आहे. पुढे लिहिलंय ते मानेच्या मणक्यांची झीज आणि त्यामुळे खांद्यापर्यंत उतरणारी कळ या तक्रारीबद्दल. या एका दुखण्यावर सुई, शेक, कप, मालिश आणि काढा असे सगळेच उपचार होतात, त्यामुळे उदाहरण म्हणून ते सोयीचं आहे.

नावनोंदणी फोनवरून होते, पासपोर्ट लागतो. पाश्चात्त्य तपासण्या तिथे वर्ज्य आहेत असा आपल्याकडे समज असतो, तो चुकीचा. चिनी वैद्यकाचा डॉक्टर एक्स-रे, एमआरआय सर्रास मागतो आणि वाचतोही. जुने रिपोर्ट असतील तर न्यावेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे काही गोष्टी न विचारता आपणहून सांगाव्यात: रक्त पातळ करणारी गोळी, पेसमेकर, गरोदरपण, मधुमेहाने बधिर झालेले पाय, जखमेवर जाड वण उठण्याची सवय. यातली प्रत्येक गोष्ट कुठला ना कुठला उपचार रद्द करते किंवा बदलते. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरकडे पाच-सात मिनिटंच असतात. तो विचारेलच अशा भरवशावर राहू नये.

तपासणी चार अंगांनी होते: पाहणं, ऐकणं व वास घेणं, विचारणं, हात लावून बघणं. जीभ दाखवायची असते, म्हणून त्या सकाळी जीभ घासू नये आणि कॉफी, बीट, हळदीचं दूध असं रंग चढवणारं काही घेऊ नये. पिवळा थर दिसला की डॉक्टर त्याचा अर्थ लावणार, आणि तो थर हळदीचा असेल तर पुढची सगळी गणितं चुकतात. नाडी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटांनी बघतात. जिने चढून धापा टाकत नाडी दाखवण्यात अर्थ नाही, दहा मिनिटं शांत बसावं. झोप, शौच, तहान, घाम, हातपाय गार पडतात का, वाऱ्याने दुखणं वाढतं का, हे प्रश्न मानदुखीला गैरलागू वाटले तरी नीट उत्तरं द्यावीत. काढ्यात काय घालायचं आणि काय काढायचं हे त्यांवरच ठरतं. ‘घाम सहज येतो’ या एका वाक्याने एक महत्त्वाचं औषध बाद होतं, ते पुढे येईलच.

एक कोर्स बहुतेक ठिकाणी 10 बैठकांचा धरतात, रोज किंवा दिवसाआड, आणि मग काही दिवसांची विश्रांती. बैठकीला जाताना पोट रिकामं नको, गच्चही नको; दीड-दोन तास आधी हलकं खाल्लेलं बरं. पुढून उघडणारा सदरा, गुडघ्यापर्यंत सहज वर सरकणारी पँट. आणि खाटेवर जाण्याआधी लघवी करून यायचं. सुया लावल्यावर अर्धा तास उठता येत नाही, आणि ही गोष्ट सांगायची जवळजवळ प्रत्येकजण विसरतो.

सुई इंजेक्शनसारखी पोकळ नसते. भरीव, लवचीक तार असते ती, 0.25 ते 0.30 मिमी जाडीची. रक्त काढायची सुई साधारण 0.8 मिमी असते, म्हणजे जवळपास तिप्पट. मानेसाठी लांबी 25 किंवा 40 मिमी. सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडलं जातं आणि सुई एकदाच वापरतात. पाकीट आधीच उघडलेलं दिसलं तर नवीन मागायला अजिबात लाजू नये. त्वचा 75 टक्के अल्कोहोलने पुसतात आणि ते वाळू देतात. घाईत ओल्या जागी टोचलं तर चुरचुरतं आणि लोक म्हणतात सुई दुखली. खरं तर दुखतं ते फक्त कातडी ओलांडताना. म्हणून चांगला हात कातडी एका झटक्यात पार करतो आणि त्यानंतर मात्र सावकाश, सुई बोटांत मागेपुढे फिरवत आत जातो.

जागा मोजतात त्या रुग्णाच्याच बोटांनी. त्याच्या अंगठ्याची रुंदी म्हणजे एक छुन, जोडलेली चार बोटं म्हणजे तीन. उंच माणसाचं माप उंच, ठेंगण्याचं ठेंगणं. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये 361 बिंदूंच्या जागा प्रमाणित करून प्रसिद्ध केल्या, त्यात ही मापं आहेत. मानेसाठी नेहमी लागतात ते असे: कवटीच्या खालच्या कडेला दोन्ही बाजूंच्या खळग्यांतले फंगछी, मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध ज्यानजिंग, मणक्यांच्या दोन्ही कडेचे बिंदू, आणि दुखण्यापासून लांब असलेला होउशी, जो मूठ वळल्यावर करंगळीच्या बाजूला जिथे घडी संपते तिथे असतो. मान अचानक धरली असेल तर काही डॉक्टर आधी फक्त हातातली सुई लावतात आणि ती फिरवत असताना मान हळूहळू वळवायला सांगतात. ताज्या दुखण्यात याने कधीकधी तिथल्या तिथे मान मोकळी होते. वर्षानुवर्षांच्या झिजेत तशी अपेक्षा धरू नये.

सुई खोलीवर पोचली की जे जाणवतं त्याला चिनीत द-छी म्हणतात: आंबल्यासारखं, जड, भरून आल्यासारखं, थोडं बधिर. डॉक्टरच्या बोटांनाही ते कळतं, कारण स्नायू सुईला धरतो. जुन्या चिनी ग्रंथांनी याला गळाला मासा लागल्याची उपमा दिली आहे. ही जाणीव यायलाच हवी. पण वीज चमकल्यासारखी कळ बोटांपर्यंत गेली तर ती द-छी नव्हे, सुई मज्जातंतूला लागली आहे. टोकदार जळजळ म्हणजे रक्तवाहिनीची भिंत. दोन्ही वेळा लगेच बोलायचं, सुई थोडी मागे घेऊन दिशा बदलतात. ‘सहन केलं तर जास्त गुण येतो’ हा समज आपल्या लोकांत फार, आणि इथे तो थेट नुकसान करतो.

ज्यानजिंगबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. त्याच्या बरोबर खाली फुफ्फुसाचं टोक आहे. पुस्तकातली खोली 0.5 ते 0.8 छुन, म्हणजे साधारण 12 ते 20 मिमी, आणि सडपातळ माणसात त्याहून कमी. तिथे 40 मिमीची सुई सरळ खाली घालणं म्हणजे फुफ्फुसाला भोक पाडायला जाणं. जाणकार डॉक्टर स्नायू चिमटीत वर उचलतो आणि सुई आडवी नेतो. फंगछीत सुईचं टोक समोरच्या नाकाच्या शेंड्याकडे ठेवतात. वर, आतल्या बाजूला वळवत नाहीत, कारण तिकडे मेंदूचा देठ आहे. बैठकीनंतर काही तासांत छातीत दुखणं, धाप, कोरडा खोकला सुरू झाला तर आराम करत बसू नये. सरळ जवळच्या रुग्णालयात जाऊन छातीचा एक्स-रे काढावा आणि सुया कुठे लावल्या होत्या ते सांगावं.

चक्कर येणं मात्र नेहमीचं, विशेषतः पहिल्या वेळी, उपाशीपोटी, आणि बसवून सुया लावल्या तर. घाम फुटतो, मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. उपाय साधा: सगळ्या सुया ताबडतोब काढायच्या, आडवं करायचं, पाय उंच, शुद्धीवर असेल तर कोमट पाणी. म्हणून पहिली बैठक नेहमी झोपूनच घ्यावी. दुसरी नेहमीची अडचण, सुई अडकणं. रुग्णाने हात हलवला किंवा भीतीने स्नायू आवळला की सुई निघत नाही. ओढायची नसते. आजूबाजूला बोटांनी टिचक्या मारत थांबायचं, नाहीतर शेजारी एक सुई आणखी टोचायची, म्हणजे आवळलेला स्नायू सैल पडतो.

सुया 20 ते 30 मिनिटं ठेवतात. त्या वेळात बहुधा दोन गोष्टी जोडल्या जातात. एक, विजेचं यंत्र: दोन-दोन सुयांना चिमटे लावून मंद प्रवाह. सुरू करण्याआधी बटण शून्यावर आहे ना ते सहायकाने बघायचं असतं. प्रवाह स्नायू हलकेच उडताना दिसेपर्यंतच वाढवायचा. काही मिनिटांत जाणीव बोथट होते आणि रुग्ण ‘अजून वाढवा’ म्हणतो. थोडं वाढवतात, पण जोरात आकुंचन झालं तर सुई वाकते. यंत्रावर 2 आणि 100 हर्ट्झ आलटूनपालटून असा एक प्रकार असतो. पेकिंग विद्यापीठाचे हान जीशंग यांनी दाखवलं की कमी आणि जास्त वारंवारतेला मज्जासंस्था वेगवेगळी वेदनाशामक द्रव्यं सोडते, म्हणून ही आलटापालट. पेसमेकर असेल तर हे यंत्र नाही, आणि छातीवर आरपार प्रवाह जाईल अशी जोडणी कुणालाच नाही. दुसरी गोष्ट म्हणजे खनिजांच्या थाळीचा तापणारा दिवा. तो त्वचेपासून 30-40 सेंमी ठेवतात. त्याचा लवचीक हात जुना झाला की हळूहळू खाली झुकतो आणि पालथ्या पडलेल्या माणसाला ते दिसत नाही. चटका जाणवला की हाक मारावी, मान उचलून बघू नये.

शेवटी सुया काढताना मोजतात. मोजत नसतील तर आपण सांगावं. सगळ्यांत जास्त विसरली जाते ती केसांतली, फंगछीची.

आता गुणाचं. जर्मनीत कंबरदुखीवर 1162 रुग्णांची मोठी चाचणी झाली, निकाल 2007 मध्ये आला. खऱ्या सुयांनी सुधारलेले 47.6 टक्के, चुकीच्या जागी वरवर टोचलेल्यांत 44.2 टक्के, आणि नेहमीची औषधं-व्यायाम घेणाऱ्यांत 27.4 टक्के. दोन्ही बाजूचे लोक यातला आपल्या सोयीचा आकडा उचलतात. माझा निष्कर्ष असा की सुयांनी दुखणं कमी होतं, पण ‘नेमक्या बिंदू’चं माहात्म्य सांगितलं जातं तेवढं नाही. म्हणून डॉक्टर निवडताना तो कुठले गुप्त बिंदू जाणतो यापेक्षा त्याला शरीररचना किती येते आणि त्याचा हात किती स्वच्छ आहे हे बघावं.

याच ओघात एक जुना धागा. 1938 मध्ये भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस 1942 मध्ये तिकडेच वारले. पथकातले त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू पुढे पन्नाशीच्या दशकात पुन्हा चीनला गेले, सुईचा उपचार शिकून आले आणि कोलकात्यात त्यांनी तो सुरू केला. आपल्याकडे ही विद्या आली ती अशी, युद्धाच्या इस्पितळातून निघालेल्या मैत्रीमागून.

गारठ्याने वाढणाऱ्या मानदुखीला सुईबरोबर शेकही देतात, ‘आय’ नावाच्या वनस्पतीच्या जळत्या पाल्याचा. ही वनस्पती आपल्या दवण्याच्या वंशातली, जोतिबाला वाहतात त्या दवण्याच्या. चिनी पाचव्या महिन्याच्या पंचमीला येणाऱ्या ड्रॅगन-नौका सणाच्या सुमारास पाला काढतात, वाळवतात, कुटून चाळून त्याचा कापूस करतात. हूबेइ प्रांतातलं छीछुन त्यासाठी प्रसिद्ध आहे. पाकिटावर 10:1, 30:1 असं लिहिलेलं असतं. 30 किलो पाल्याचा एक किलो कापूस असा त्याचा अर्थ. आकडा जितका मोठा, तितका कापूस मऊ, पिवळसर आणि आच सौम्य. जुना पाला बरा म्हणतात, आणि त्याला कारण आहे: साठवणीत उडून जाणारी तेलं निघून जातात, ताजा पाला भडकून जळतो, ठिणग्या उडवतो आणि डोळ्यांत झोंबतो.

या कापसाची कांडी साधारण 1.8 सेंमी जाड, 20 सेंमी लांब. पेटलेलं टोक त्वचेपासून 2-3 सेंमीवर, एका जागी 10 ते 15 मिनिटं, कातडी गुलाबी होईपर्यंत. सुखद ऊब हवी, भाजणं नको. दर दोन-तीन मिनिटांनी राख झटकावी लागते, कारण चटके कांडीने कमी आणि पडलेल्या राखेने जास्त बसतात. ज्यांना स्पर्श कमी कळतो त्यांच्यासाठी डॉक्टर आपली दोन बोटं शेजारी टेकवून आच स्वतःच्या बोटांवर जोखतो. मधुमेही माणसाने हे होत नसेल तर शेक घेऊ नये. दुसरा प्रकार आल्यावरचा: आल्याची 2-3 मिमी जाड चकती, तिला सुईने भोकं, वर कापसाचा शंकू. चटका बसू लागला की चकती उचलून सरकवायची. एका जागी पाच-सात शंकू पुरतात. चकती पातळ कापली की फोड हमखास. बारीक फोड फोडू नये, आपोआप जिरतो.

घरी करणाऱ्यांसाठी धोक्याची जागा उपचारात नसते, नंतर असते. कांडी वरून विझलेली दिसते, आत धुमसत राहते. पाणी शिंपडून कचऱ्यात टाकली आणि तासाभराने आग लागली असं होऊ शकतं. अरुंद तोंडाच्या बाटलीत किंवा वाळूत टोक पूर्ण खुपसून ठेवायचं. खिडकी उघडी हवी. दमेकऱ्याने धुराच्या खोलीत बसूच नये.

कपिंग म्हणजे वैदूंची तुंबडीच, फक्त भोपळ्याच्या किंवा शिंगाच्या जागी काचेचा पेला. चिमट्यात 95 टक्के अल्कोहोलचा बोळा, तो पिळून घ्यायचा, ठिबकता कामा नये. पेटवून पेल्याच्या मधोमध सेकंदभर फिरवायचा आणि पेला लगेच पाठीवर. ज्योत काठाला लागली की काठ तापतो आणि पाठीवर भाजलेलं गोल कडं उमटतं; कपिंगचे बहुतेक चटके असेच असतात. जागा मांसल आणि बिनकेसाची हवी, खांद्याच्या हाडावर पेला धरतच नाही. 10 ते 15 मिनिटं पुरे. वीसच्या पुढे ठेवला की पाणी भरलेले फोड येतात. काढताना ओढायचं नाही, काठाशी कातडी बोटाने दाबायची की हवा शिरून पेला सुटतो. तेल लावून पेला पाठीवरून सरकवण्याचाही प्रकार आहे. त्यात ओढ कमी ठेवतात, नाहीतर ओरडायची वेळ येते.

डाग आठवडाभर तरी राहतात. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकल फेल्प्सच्या खांद्यावर जगाने पाहिले ते हेच. ‘डाग जितका काळा तितकं विष बाहेर’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ओढीने बारीक केशवाहिन्या फुटतात आणि रक्त कातडीखाली साचतं, बस्स. रंग ठरतो तो ओढ किती आणि वेळ किती यावर. कातडीला चिरा देऊन रक्त काढण्याचा ओला प्रकार चीनमध्येही आहे आणि आपल्या तुंबडीतही होता. निर्जंतुक पातं आणि एकदाच वापरायचा पेला नसेल तर त्यातून कावीळ ब, क आणि एचआयव्ही पसरू शकतो. मानदुखीला त्याची गरज मला तरी कधी पटलेली नाही.

ग्वाशा हा त्याचाच भाऊ. तेल लावलेल्या मानेवर शिंगाच्या किंवा दगडी पट्टीने, 45 अंशांच्या कोनात, वरून खाली एकाच दिशेने ओढतात. लाल पुरळ उठतं, ते गेल्याशिवाय पुन्हा करत नाहीत. पट्टीच्या कडेचा टवका उडालेला असेल तर कातडी सोलते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ग्वाशा आणि कप दोन्ही नकोत.

तुईना ही चिनी मालिश, पण तेल चोपडून अंग रगडण्याशी तिचा संबंध नाही. मानेसाठी मुख्य हात ‘लोळवण्या’चा: करंगळीकडची मुठीची बाजू आणि हाताची पाठ स्नायूवर पुढेमागे लोळवायची, मिनिटाला 120 ते 160 वेळा, न घासता. शिकणारे हे तांदूळ किंवा वाळू भरलेल्या पिशवीवर महिनोन्महिने घटवतात. कच्चा हात ओळखायचा तर कातडी घासली जाते का ते बघावं. दहा-पंधरा मिनिटं असा स्नायू मऊ केल्यावर मान हलकेच ओढतात, वळवतात. इथवर उत्तम. त्यानंतर कधीकधी मान झटक्याने फिरवून ‘कट्’ आवाज काढतात, आणि त्याला नम्रपणे नको म्हणावं. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचं अस्तर या झटक्याने फाटू शकतं. क्वचित घडतं, पण घडलं तर पक्षाघात. झटक्यानंतर अचानक वेगळीच डोकेदुखी, दोन-दोन दिसणं, बोलणं अडखळणं, तोल जाणं यांपैकी काहीही झालं तर तो ‘उपचाराचा परिणाम’ समजून झोपू नये.

आता काढा. मानेसाठी नेहमी लिहिला जाणारा काढा म्हणजे गगन-थांग, हान काळातल्या ‘शांगहान लुन’ या ग्रंथातला. आजच्या पुस्तकी मात्रा: गगन 12 ग्रॅम, माह्वांग 9, दालचिनीच्या कोवळ्या डहाळ्या 6, पिओनीचं मूळ 6, मधात परतलेलं ज्येष्ठमध 6, ओलं आलं 9, आणि वाळलेली चिनी बोरं 12 नग. गगन म्हणजे कुडझूचं मूळ, आपल्या विदारीकंदाचं नातलग. माह्वांग म्हणजे इफेड्रा: घाम आणतो, पण नाडी आणि रक्तदाबही वाढवतो आणि झोप उडवतो. म्हणूनच तो घामाचा प्रश्न. ज्याला मुळातच घाम सहज येतो त्याच्यासाठी माह्वांग वगळलेला दुसरा काढा त्याच ग्रंथात दिला आहे. रक्तदाब, हृदयविकार, वाढलेली प्रोस्टेट असेल तर डॉक्टरला आठवण करून द्यावी. ज्येष्ठमध आपल्याला घरगुती वाटतं, पण आठवड्यांमागून आठवडे घेतलं तर पोटॅशियम उतरतं आणि दाब चढतो. पाणी काढणारी गोळी घेणाऱ्यांनी तर जपावंच.

औषधशाळेतून प्रत्येक दिवसाची एक अशी सात पुड्या मिळतात. कागद उलगडून एकदा चिठ्ठीशी ताडून घ्यावं. मातीचं, काचेचं किंवा स्टीलचं भांडं चालतं; लोखंड, तांबं, अ‍ॅल्युमिनियम नको, कारण मुळांतलं टॅनिन धातूशी संयोग पावतं. जिन्नस गार पाण्यात अर्धा तास भिजत ठेवायचे, पाणी दोन-तीन सेंमी वर. थेट गरम पाणी ओतलं तर मुळांवरचा स्टार्च शिजून बाहेरचा थर बंद होतो आणि आतला अर्क उतरत नाही. मूळ कृतीत माह्वांग आणि गगन आधी उकळून वरचा फेस काढून टाकायला सांगितलं आहे. हा फेस छातीत धडधड आणतो असं जुने वैद्य सांगतात. मग बाकीचे जिन्नस, मोठ्या आचेवर उकळी, नंतर झाकण ठेवून मंद आचेवर 20-25 मिनिटं. गाळायचं. त्याच चोथ्यावर थोडं कमी पाणी घालून दुसरा काढा काढायचा. दोन्ही एकत्र करायचे, कारण पहिला जहाल आणि दुसरा पांचट असतो. मिळून 300 ते 400 मिली होतात. अर्धा सकाळी, अर्धा संध्याकाळी, कोमट, जेवणानंतर अर्ध्या तासाने. पिऊन पांघरूण घेऊन पडायचं, अंग दमट होईल इतकाच घाम हवा. चिंब झालात तर मात्रा जास्त झाली आहे, पुढचा घोट थांबवून डॉक्टरला विचारावं. काढा लागला, म्हणजे बुडाला करपला, तर पाणी घालून सावरू नये, टाकून द्यावा.

चिठ्ठीत काही जिन्नसांपुढे वेगळी सूचना असते आणि ती पाळणं हेच काढ्याचं खरं कसब आहे. पुदिन्यासारखे सुगंधी जिन्नस शेवटची पाच मिनिटं, नाहीतर तेल उडून जातं. बारीक बिया फडक्याच्या पुरचुंडीत बांधून, नाहीतर त्या तळाला चिकटतात किंवा घशात टोचतात. गाढवाच्या कातडीचा डिंक उकळायचा नाही, गरम काढ्यात विरघळवायचा. आणि फूझ, म्हणजे आपल्या बचनागाच्या कुळातलं मूळ, सगळ्यांच्या आधी एकटं 30 ते 60 मिनिटं उकळायचं. आयुर्वेदात बचनाग गोमूत्रात किंवा दुधात शुद्ध करतात, चिनी पद्धतीत उकळतात. उष्णतेने त्यातलं जहाल द्रव्य तुटून सौम्य होतं. घाईत दहा मिनिटांत उरकलं तर ओठ-जिभेला मुंग्या, उलटी आणि मग हृदयाचे ठोके चुकणं. पहिल्या मुंगीलाच काढा थांबवून रुग्णालय गाठायचं.

घोळ नावांतूनही होतो. फांगजी या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वनस्पती विकल्या जात. ब्रसेल्सच्या एका वजन उतरवण्याच्या दवाखान्यातल्या बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि 1993 मध्ये त्याचं कारण समोर आलं: एकीच्या जागी दुसरी, अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असलेली वनस्पती गेली होती. पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. चीनने अशाच आम्लाची क्वान-मुथोंग 2003 मध्ये औषधांतून काढून टाकली. म्हणून चिठ्ठीवर लॅटिन वनस्पतीनावं लिहून मागावीत आणि त्या चिठ्ठीचा फोटो भारतातल्या आपल्या डॉक्टरला पाठवावा. वॉर्फरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याच्या काढ्यात तानशन किंवा तांगक्वेइ दिसलं तर काढा घ्यायचा नाही. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञाला काढ्याची यादी दाखवावी.

महाराष्ट्रात परतल्यावर उरलेल्या बैठका घ्यायच्या झाल्या तर सुया मिळतात, पण बाकीचं पॅकेज जुळेलच असं नाही. अ‍ॅक्युपंक्चरसाठी राज्याचा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारावा, सीलबंद सुया समोर फोडायला सांगाव्यात. नुसतं ‘बरं वाटतं’ यावर भागवू नये. पहिल्या दिवशी मान किती वळते (हनुवटी खांद्याच्या दिशेने कुठवर जाते), रात्री किती वेळा जाग येते आणि दुखण्याला दहापैकी किती गुण, हे लिहून ठेवावं. पाच-सहा बैठकांत यातलं काहीच हललं नसेल तर कोर्स पुरा करण्याचा आग्रह धरू नये. आणि मध्येच हाताची पकड सैल झाली, सदऱ्याची बटणं लावताना बोटं चुकू लागली, चालताना पाय अडखळू लागले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर सुया, कप, काढा सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी एमआरआय घेऊन मेंदू-मणक्याच्या शल्यचिकित्सकाकडे जावं. मज्जारज्जूवर दाब आला असेल तर तो सुईने उतरत नाही.